टीम बदलायचीय ना? मग आधी बोल

अरे,

मेसेज वाचला तुझा. रूममेट्सची क्विझ टीम सोडून थर्ड इयरवाल्यांकडे जाऊ का म्हणतोस, तर जा की! त्यात गिल्टी वाटण्यासारखं काही नाही. तू रात्र-रात्र जुन्या क्विझचे सेट्स, म्हणजे प्रश्नसंच, वाचत बसतोस, तुला काहीही करून फायनलला जायचंय, आणि ते दोघं शनिवारी क्लबमध्ये मजा म्हणून येतात, प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या लेखी फेरीतच, उडाले की हसत कॅन्टीन गाठतात. दोघांचंही बरोबरच आहे. वाजतं कुठे, तर कोण कशासाठी आलंय हे आधी कुणी बोलतच नाही तिथे. तू म्हणतोस पाउन्स करायच्या आधी, म्हणजे आपली पाळी नसताना मार्कांची रिस्क घेऊन उत्तर लिहून द्यायच्या आधी, तिघांनी मिळून ठरवायचं, त्या दोघांतला एक उत्साहात उत्तर लिहून चिट व्हॉलंटियरच्या हातात देऊन मोकळा होतो, मायनस बसतात, मग आठवडाभर अबोला. म्हणून सरळ सांगून टाक, मोठ्या फेस्टना मी तिकडून खेळणार आणि क्लबच्या सेशनला तुमच्यासोबत. हे नावं द्यायच्या आधी सांग हां, टीम्सची लिस्ट बघून कळलं तर जास्त लागतं.

पण मला खरं काळजीचं वाटतं ते वेगळंच. कुणाचा सोपा प्रश्न चुकला की तुम्ही सिरीयस मंडळी "सिटर होता रे!" म्हणून जे डोक्याला हात लावता ना, ते कृपा करून बंद करा. तुम्ही तो प्रश्न चार सेट्समध्ये पाहिलाय म्हणून तो सिटर, समोरच्या फर्स्ट इयरच्या मुलीने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकलाय. ती पुढच्या शनिवारी येत नाही, आणि दोन वर्षांनी क्लब चालवायला माणसंच उरत नाहीत. आपल्याकडे 1967 मध्ये क्विझमास्टर नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात चर्चच्या हॉलमध्ये क्विझ घेतली, तीसुद्धा ओपनच होती, म्हणजे कुणीही यावं अशी.

आणि आता तू स्वतः सेट काढतोयस तर हे बघ. "1718 च्या नाताळात मुंबईत कोणतं चर्च सुरू झालं?" हे ज्याला पाठ आहे त्यालाच येणार, बाकीचे नुसते बघत बसणार. तेच असं विचार: मुंबईच्या जुन्या कोटाला तीन दरवाजे होते, अपोलो गेट, बझार गेट, आणि तिसरा सेंट थॉमस चर्चकडे जाणारा. 1860 च्या दशकात कोट पाडला, दरवाजाही गेला, पण त्याचं नाव आजही लाखो लोक रोज घेतात. कोणतं? मागची बाकं दोन सेकंद गप्प होतात आणि मग कुणीतरी ओरडतं, चर्चगेट! ज्याने कधी एक सेट वाचला नाही त्यालाही हे डोकं लावून काढता येतं आणि तुझ्यासारख्यालाही बोअर होत नाही. असे प्रश्न लिहायला कितीतरी जास्त वेळ लागतो, पण तो दे.

सेट झाला की मला पाठवच, पण त्याआधी मेसमध्ये शेजारी जेवणाऱ्या, क्विझला कधीच न आलेल्या कुणालातरी पाच-सहा प्रश्न विचारून बघ, आणि तो कुठे अडकला ते प्रश्नाच्या बाजूला लिहून ठेव.