नौदलाला जहाजावरची वेगळी लढाऊ विमानं कशाला? हवाई दलाची विमानं किनाऱ्यावरून उडवून भागणार नाही का?

किनाऱ्याजवळ भागतं, भर समुद्रात नाही. आणि या वादात हेलिकॉप्टरची आठवण कुणालाच होत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मी नौदलात असताना विमानवाहू जहाजाच्या डेकवर काम केलं, आता अमळनेरला असतो. तुमचं म्हणणं, २०२५ मध्ये जहाजावरून उडणाऱ्या २६ राफेल-एम लढाऊ विमानांसाठी सुमारे ६३ हजार कोटींचा करार केला, त्यापेक्षा हवाई दलालाच विमानं द्यायची. इथली भरतीची तयारी करणारी पोरंही विचारतात, "काका, आठेन उडीसन तठे जावाले काय व्हस?"

प्रश्न रास्त आहे. लांब धावपट्टीवरून विमान भरपूर इंधन आणि शस्त्रं घेऊन उडतं. आपल्या विक्रांत-विक्रमादित्यवर कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला जोरात पुढे ढकलणारं यंत्र नाही, डेकच्या पुढच्या चढावरून विमान झेप घेतं, त्यामुळे वजनाला मर्यादा येते. डेकवर उतरायचं म्हणून चाकांचा सांगाडा जास्त भक्कम, मागे डेकवरची तार पकडायला हुक, वर खाऱ्या हवेशी रोजची झटापट. उड्डाणाआधी आम्ही रांगेत, खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून अख्खा डेक चालायचो. एखादा वॉशर किंवा तारेचा तुकडा इंजिनात ओढला गेला तर विमान गेलंच. एवढा खटाटोप जमिनीवरच्या तळाला करावा लागत नाही असं नाही, पण तिथे जागा असते, आणि पायाखाली धावपट्टी हलत नसते.

तरीही १९८२ चं फॉकलंड बेटांसाठीचं ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध बघा. ब्रिटनला वापरता येण्याजोगा सर्वांत जवळचा तळ असेन्शन बेटावर, सहा हजार किलोमीटरहून लांब. तिथून पहिल्या हल्ल्यात एक व्हल्कन बॉम्बर पोचवायला हवेत इंधन भरणारे ११ व्हिक्टर टँकर लागले. त्याने २१ बॉम्ब टाकले, धावपट्टीवर एक पडला. रोजचा पहारा हर्मिस आणि इन्व्हिन्सिबल या विमानवाहू जहाजांवरच्या सी हॅरियर लढाऊ विमानांनी दिला. (हीच हर्मिस पुढे आपली विराट झाली.) अर्जेंटिनाची जेट विमानं मुख्य भूमीवरून यायची. इंधन इतकं बेताचं, की बेटांवर लढायला त्यांना मोजकी मिनिटं मिळायची.

म्हणून जमिनीवरचं विमान दुबळं समजू नका. ४ मे रोजी शेफिल्ड या ब्रिटिश युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडणारी अर्जेंटिनाची सुपर एतांदार विमानं जमिनीवरच्या तळावरूनच उडाली होती. ब्रिटिशांकडे तेव्हा जहाजावरून उडणारं, दूरवरचं टिपणारं रडार नव्हतं. मग घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरवर रडार बसवलं, ते पोचेपर्यंत युद्ध संपलं. आपल्याकडे हे काम कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर करतं. २५ मे रोजी अटलांटिक कन्व्हेयर हे ब्रिटिशांचं मालवाहू जहाज पेटलं आणि त्यावरची चिनूक ही अवजड हेलिकॉप्टरं गेली. हवेत होतं म्हणून एकच वाचलं. सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन चिखलातून बेट तुडवावं लागलं. लढाऊ विमानांच्या आकड्यांत हे कुठे दिसतं?

२०११ मध्ये लिबियावरच्या हवाई कारवाईच्या वेळी ब्रिटनने हॅरियर नुकतीच मोडीत काढली होती. टायफून लढाऊ विमानं इटलीतल्या जोया देल कोले तळावरून उडाली, अपाची हेलिकॉप्टरं मात्र एचएमएस ओशन या जहाजावरून. काम झालं, कारण इटलीने तळ दिला. तळ दुसऱ्याचा असला की परवानगीही दुसऱ्याची.

आपल्या १९७१ मध्ये ढाक्याच्या तेजगाव धावपट्टीची वाट लावली हवाई दलाने. कॉक्स बझार आणि चितगाववर जुन्या विक्रांतची सी हॉक विमानं गेली, तेही बॉयलरला तडा असल्याने जहाज पूर्ण वेगाने पळू शकत नसताना.

माझं मत असं. कराचीसमोरच्या समुद्रासाठी जामनगर-गोव्याचे तळ आणि पुरेसे टँकर हवेत. मलाक्काच्या तोंडावर नजर ठेवायला कार निकोबार आहे. तंजावरला ब्रह्मोस वाहणारी सुखोई २०२० पासून आहेत. पण एडनच्या आखाताकडे किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे ताफा पाठवला, तर त्याच्या डोक्यावर दिवसरात्र विमान ठेवणं जमिनीवरून जमणार नाही. तिथे विक्रांत हवी आणि तिच्यावर उडण्याजोगी विमानंही. म्हणून २६ राफेल-एम मला योग्य वाटतात. तिसऱ्या विमानवाहू जहाजाआधी मात्र मी हेलिकॉप्टर मागेन. २४ एमएच-६० आर घेतली, ती पाणबुड्या हुडकायला उत्तम आहेत. पण एवढ्या ताफ्याला २४ पुरत नाहीत.