शनवार तेली शनिवारी करायचे काय?

तुमच्या आजीनं सांगितलेली गोष्ट खरी आहे. रेवदंड्याच्या बाजूला आमच्या, म्हणजे बेने इस्राएल ज्यू लोकांचे, तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. तेल हवं असेल तर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत न्यायचं, हे गावाला पाठ होतं, आणि त्यावरूनच 'शनवार तेली' हे नाव पडलं. त्या दिवशी ते लोक घरात नेमकं काय करायचे, आज कुणी पाळतं का आणि एखाद्या शनिवारी तुम्हाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, येता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी बेने इस्राएल, मूळ अलिबाग तालुक्यातला, गेली तीस वर्षं ठाण्यात. जरा सविस्तर लिहितो.

सोमवारी, शंकराचा वार म्हणून, बैल न जुंपणारे हिंदू तेलीही होते. त्यांना सोमवार तेली म्हणत. म्हणजे वारावरून तेली ओळखणं गावाला नवीन नव्हतं, आणि आमचा वार का वेगळा हे कुणी खोदून विचारलं नाही. तोरातल्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या, आज्ञेत शनिवारची विश्रांती फक्त घरधन्याला सांगितलेली नाही. मुलं, नोकर, दारात राहणारा परका, आणि बैलसुद्धा, सगळ्यांना त्या दिवशी कामातून मोकळं करायचं आहे. माझे आजोबा सांगायचे, शुक्रवारी संध्याकाळी बैलाच्या डोळ्यांवरची झापड निघायची ती शनिवारी तारे दिसेपर्यंत परत चढायची नाही. त्यांच्या वडिलांना हिब्रू वाचता येत नव्हतं, पण बैलाला मोकळं सोडायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

हे मला फार मोलाचं वाटतं. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, तिथून आमचा समाज सुरू झाला, असं आम्ही परंपरेनं मानतो. पुढे कित्येक पिढ्या पोथी नाही, सिनेगॉग नाही, शिकवणारा नाही. उरलं काय, तर शनिवार, आठव्या दिवशीची मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खायची हा नियम, आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. बारसं असो की मयत, शेमाच म्हणायचे, कारण दुसरं येत नव्हतं. दाविद रहाबी नावाच्या माणसानं या खुणांवरून आम्हाला ज्यू म्हणून ओळखलं आणि बाकीचं शिकवलं, असं सांगतात. आमचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं ते 1796 साली मुंबईत, सामुएल एझेकिएल दिवेकरांनी बांधलेलं. जुने लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणतात. घरातली म्हातारी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, तेव्हा आजीच्या बोलण्यात तो शब्द आला असेल तर गोंधळू नका. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ 1848 चं, ठाण्याचं शाआर हाशामाईम 1879 चं.

आता त्या दिवसाबद्दल. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो, शनिवारी तीन तारे दिसले की सुटतो. दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावतात, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास, जुलैत सातच्या सुमारास. एकदा दिवा लागला की विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, स्वयंपाक नाही, लिहिणं नाही, पैशाला हात नाही. शास्त्रात 39 प्रकारची कामं वर्ज्य सांगितली आहेत. बाहेरच्या माणसाला ही यादीच आधी दिसते, आणि बिचारे शनिवारी अडकून पडत असतील असं वाटतं. घरातून ते तसं दिसत नाही.

आमच्या घरी माजघरात काचेचा टांगता दिवा होता. आई त्यात आधी पाणी ओतायची, वर खोबरेल, आणि वात तरंगत ठेवायची. लावला की दोन्ही हात डोळ्यांवर घेऊन आशीर्वाद म्हणायची. तो दिवा कुणी फुंकायचा नाही. तेल संपलं की वात पाण्याला टेकायची, चर्र व्हायचं आणि आपोआप विझायचा. बहुधा मध्यरात्रीच्या पुढे. अंथरुणात जागं राहून त्या आवाजाची वाट बघायची, हे आम्हा भावंडांचं ठरलेलं.

किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, द्राक्षरस लागतो. कोकणात काशेर, म्हणजे आमच्या धर्माला चालणारी, वाइन कुठून मिळणार? म्हणून काळ्या मनुका सकाळी भिजत घालायच्या, दुपारी हातानं कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. हाच आमचा शरबत. वडील पेला धरून किद्दुश म्हणायचे, एक घोट घ्यायचे, मग पेला वयानं मोठ्यापासून लहानापर्यंत फिरायचा. नंतर मिठाला लावून भाकरीचा तुकडा. नारळाच्या दुधातलं मटण दुपारीच तयार असायचं. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, त्यामुळे आमच्या रश्शाला नारळाशिवाय गत्यंतर नाही. शनिवारी तेच जेवण, आदल्या दिवशीचं.

सिनेगॉगमध्ये शुक्रवारी शब्बाथला नवरी मानून बोलावणारं स्तोत्र गातात. शेवटच्या कडव्याला सगळे वळून दाराकडे तोंड करतात. शनिवारी सकाळी हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं कपाट, उघडून सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढतात, त्या आठवड्याचा भाग वाचतात आणि वाचनासाठी सात जणांना एकेक करून बोलावतात. प्रार्थना संपली की आमच्याकडे हातबोशी असते. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडताना बोटं सरकत टोकांपर्यंत येतात, मग तीच बोटं आपल्या ओठांना लावायची. आणि पुढच्याकडे वळायचं. ज्याच्याशी आठवडाभर बोलणं नाही त्याच्यासमोरही हात धरावेच लागतात. भावकीतली दोन भांडणं माझ्या डोळ्यांदेखत तिथंच निवळली आहेत.

पण शब्बाथ कशावर टिकतो असं मला विचाराल तर मी म्हणेन, दहावर. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले तर मिनियान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारी संख्या, पुरं होतं. नऊ असतील तर सेफेर तोरा बाहेर निघत नाही, मयत माणसासाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणता येत नाही. (काही देशांत बायकांनाही मोजतात, आमच्याकडे अजून नाही.) नव्वदच्या दशकातला आषाढातला एक शनिवार सांगतो. आमच्या तालुक्यातलं छोटं सिनेगॉग. एका मुलाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, आणि आम्ही नऊच. प्रार्थना चालवणारे हज्जान सावकाश पानं उलटत होते, देखभाल करणारे शमाश दारात छत्री घेऊन उभे. दहा वाजून गेल्यावर आळीच्या तोंडाशी एक माणूस दिसला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. गावचाच, मुंबईला गोदीत नोकरीला. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून पहाटे निघून पनवेल, पेण करत एसटीनं आला होता. शब्बाथला गाडीनं प्रवास करायचा नाही आणि तिकिटाला पैसे द्यायचे नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कसा आलास असं कुणीही विचारलं नाही. हज्जाननी फक्त कोरडी शाल त्याच्या खांद्यावर टाकली, चार टोकांना सिसिथच्या, म्हणजे धाग्यांच्या, गाठी असलेली, आणि हेखालाकडे वळले. त्या मुलानं कद्दिश म्हटलं. कडक नियम पाळणारे माझ्याशी सहमत होणार नाहीत, पण त्या माणसानं शब्बाथ मोडला असं मला आजही म्हणवत नाही.

आज पाळतात का? खरं सांगायचं तर पूर्ण पाळणारी घरं थोडी. आमचे लोक घाण्यावरून पलटणीत, मग रेल्वे, पोस्ट, कस्टममध्ये गेले, आणि तिथं शनिवारी हजेरी लागायची. केंद्र सरकारचा पाच दिवसांचा आठवडा 1985 ला आला, राज्याचा 2020 ला. तोवर निम्म्याहून जास्त समाज इस्राएलला गेलेला. माझी बहीण तिकडे आहे. तिच्या गावात शनिवारी बसच धावत नाही, दुकानं बंद, सगळं आपसूक होतं. इथे मात्र शुक्रवारी चारची लोकल पकडण्यासाठी साहेबाला विचारावं लागतं. आमची पोरं विचारतात आणि येतात. पूर्वी आग्रीपाडा, उमरखाडीत चालत जाण्याइतक्या अंतरावर घरं होती. आता ठाण्याच्या टोकाटोकांवरून लोक गाडीनं येतात, काही जण गाडी थोडी लांब लावून शेवटचा टप्पा चालत येतात. मला त्या चालण्याचा आदर वाटतो.

तुम्ही जरूर या, पण न कळवता येऊ नका. 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून दारावर पहारा असतो आणि ओळखपत्र बघतात. कार्यालयात आठवड्याच्या मधेच फोन करा, शनिवारी फोन कुणी उचलणार नाही. डोकं झाकायला रुमाल आणा. टोपी तिथंही मिळते. मोबाइल बंद ठेवून खिशात, फोटो अजिबात नाही. देणगी द्यायची असेल तर त्या दिवशी पाकीट काढू नका, सोमवारनंतर द्या. आजी सोबत येणार असतील तर त्यांची बसायची जागा वेगळी असेल, बऱ्याच ठिकाणी वरच्या सज्जात. जिना झेपेल का ते आधी विचारून ठेवा. आणि शुक्रवारी संध्याकाळी यायचं ठरवलंत तर लगेच निघू नका. किद्दुशचा पेला पाहुण्यांपर्यंतही येतो, आणि मनुकांचा तो शरबत आजींनी कदाचित लहानपणी कुणाच्या तरी ओसरीवर चाखलेला असेल.