विकीच्या खुणा शिकाव्या की मार्कडाउन?

पेडणे तालुक्यातली देवळं, जत्रा आणि दशावतार यांची माहिती तुम्ही चारपाच जण मिळून वेबवर लिहिणार आहात, आणि त्यासाठी विकीच्या खुणा शिकाव्या की मार्कडाउन, असं विचारलंय. दोन्ही म्हणजे साध्या मजकुरात चिन्हं घालून शीर्षकं, याद्या, दुवे करायच्या पद्धती. मी विकी म्हणेन. तुमच्या कामात ठळक-तिरप्या अक्षरांपेक्षा दुवेच जास्त लागणार: मोरजाई देवीच्या पानावरून मोरजी गावाकडे, तिथून जत्रेकडे.

मार्कडाउन जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलं. साध्या मजकुराचं एचटीएमएल (वेबपानांची भाषा) करायला ते झकास, पण मूळ मार्कडाउनमध्ये प्रत्येक दुव्याचा पत्ता स्वतःच द्यावा लागतो. मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) [[मोरजी]] लिहिलं की झालं. ते पान अजून कुणी लिहिलेलंच नसेल तर दुवा लाल दिसतो, म्हणजे काय बाकी आहे ते सगळ्यांना आपोआप कळतं. (वॉर्ड कनिंगहॅम यांच्या १९९५ च्या पहिल्या विकीत इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांनी जोडून लिहिले की दुवा व्हायचा. देवनागरीत ते कसं जमणार होतं!)

आता मराठीची खरी गोम. आपली विभक्ती. [[डिचोली]]त असं लिहिलं तर वाचताना ‘डिचोलीत’ दिसतं आणि दुवा डिचोलीलाच जातो. पण [[पेडण्यात]] लिहाल तर ‘पेडण्यात’ नावाचं पान शोधलं जाईल. तिथे [[पेडणे|पेडण्यात]] असंच लिहायला हवं: उभ्या रेषेच्या आधी पानाचं नाव, नंतर वाक्यातलं रूप. फोंडा, सांगे, गोवा, सगळ्यांची हीच गत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढं एकच नीट शिकवा; शीर्षकाची == आणि यादीची * बघूनबघून येते.

दुसरी कटकट कीबोर्डची. तुमच्यापैकी कुणी इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टाइप करत असेल तर उघडणाऱ्या चौकटी कंसाच्या जागी ड, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ृ आणि उभ्या रेषेच्या जागी ऑ उमटतो. प्रत्येक खुणेसाठी इंग्रजीवर जाऊन परत यायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. अशांनी आधी सलग मजकूर लिहून घ्यावा आणि दुवे शेवटी एका बैठकीत घालावेत. मार्कडाउनमध्येही # आणि * साठी हीच कसरत आहे, तेव्हा या बाबतीत डावंउजवं करण्यात अर्थ नाही.

तक्ते मात्र विकीत हाताने लिहू नका. {| आणि |- यांच्या जंजाळात एक रेघ चुकली की अख्खं पान विस्कटतं. त्यासाठी व्हिज्युअल एडिटर (खुणा न लिहिता थेट पानावरच बदल करायची सोय) वापरा.

पुढे कधी मार्कडाउनवर जावंसं वाटलंच तर पॅनडॉक हे फुकट मिळणारं साधन विकीचा मजकूर बदलून देतं. साचे (अनेक पानांवर पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे) तेवढे त्यातून धड येत नाहीत, म्हणून सुरुवातीला साच्यांच्या फंदात पडू नका.