भोवऱ्याचं फिरणं कुठे जातं?

प्रिय ताई,

सासरे गेल्यावर सहा वर्षांच्या लेकीला आजी म्हणाली, "आजोबा चांदणी झाले." तुम्ही दोघं आत्मा मानत नाही, म्हणून तिला सांगितलंत की माणूस म्हणजे शरीर आणि ते आता संपलं. त्यावर पोरीनं विचारलं, "मग आजोबांची माया पण जळाली?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही. पत्र वाचताना मलाही भरून आलं.

तुम्ही खरं तेच बोललात, पण अर्ध्यावर थांबलात. माणूस पदार्थाचा बनलेला असला तरी त्याची माया खरीच असते, आणि हे तिला डोळ्यांनी दाखवता येतं. बशीत चिमूटभर हळद घ्या आणि तीत ओला चुना कालवा. चुना तुम्हीच हाताळा, डोळ्यात गेला तर फार वाईट. पिवळं न् पांढरं मिळून लालभडक होईल. मग विचारा, हा लाल रंग होता कुठे? हळदीत नव्हता, चुन्यात नव्हता, बाहेरूनही कुणी आणला नाही. लोकायतांनी, म्हणजे आत्मा न मानणाऱ्या आपल्या प्राचीन चार्वाक विचारवंतांनी, असाच दाखला विड्याचा दिला होता. पान, सुपारी, चुना एकत्र आले की लाली येते, तशीच पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्या मेळातून जाणीव येते. तिला ही नावं सांगू नका. लाल रंग खरा आहे, एवढं तिला दिसू दे.

मरणाबद्दल बोलताना भोवरा हातात घ्या. आजोबांनीच तिला दोरी गुंडाळायला शिकवली, असं तुम्ही लिहिलंय. भोवरा आडवा पडला की त्याचं फिरणं कुठे जातं? कुठेच जात नाही, थांबतं. आजोबांचं शरीर तसंच थांबलं. आता त्यांना दुखत नाही, थंडी वाजत नाही, भूक लागत नाही. हे आवर्जून सांगा, मुलांना त्याचीच काळजी असते. 'झोपले' मात्र म्हणू नका, ती रात्री डोळे मिटायला घाबरेल.

आणि माया? दोरी गुंडाळायला शिकताना तिच्या मेंदूत खरोखरीचे बदल झाले, पेशीपेशींमधले दुवे नव्यानं जुळले. ते आजोबांमुळे जुळले आणि ते तिच्यापाशीच आहेत.

सासूबाईंना तिच्यासमोर खोडून काढू नका. त्यांचा जन्माचा सोबती गेलाय. "आजीला असं वाटतं, आम्हाला असं वाटतं, तू विचारत राहा" इतकं पुरे. ती विचारेलच, पुन्हा पुन्हा, कधी ऐन जेवताना. दर वेळी तेच सांगा, न कंटाळता. रात्री आजीबरोबर ती गच्चीवर चांदणी शोधायला निघाली, तर तुम्हीही जा त्यांच्यासोबत.