१४ आठवड्यांच्या लॅब्राडॉरचं ११ किलो वजन कमी आहे का?

तुम्ही लिहिलंय: घर सांगलीत विश्रामबागेत, लॅब्राडॉरचा नर १४ आठवड्यांचा, वजन ११ किलो. येणारे-जाणारे "वाळलाय हो" म्हणतात, म्हणून कॅल्शियमचं सिरप सुरू केलं आणि पपी फूडवर दूध-चपातीही वाढवली. वजन ठीक आहे. सिरप मात्र आजच बंद करा.

सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवणं नीट जमत नाही. पोटात गेलेलं बरंचसं अंगात शोषलं जातं. मोठ्या जातीची हाडं या वयात झपाट्यानं वाढतात. त्यात कॅल्शियमचा मारा झाला की सांध्यातली कूर्चा (हाडाच्या टोकाचा मऊ थर) व्यवस्थित हाडात बदलत नाही, पुढं तिचा पापुद्रा सुटतो आणि पिल्लू खांद्यातून किंवा कोपरातून लंगडायला लागतं. ते नुकसान सिरप थांबवल्यावर भरून येईलच असं नाही. 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेल्या चांगल्या खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. कोरड्या वजनावर (खाद्यातलं पाणी वगळून) ०.८ ते १.५ टक्क्यांच्या आत असलेलं खाद्य बघून घ्या.

उलटी चूकही तितकीच वाईट. नुसत्या चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढतं, पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं. घरचंच खायला घालायचं असेल तर पशुवैद्यांकडून ग्रॅममध्ये मापं लिहून घ्या.

आता वजन. दर रविवारी सकाळी, शी-शू झाल्यावर, खाण्याआधी, कायम एकाच काट्यावर. पिल्लाला उचलून बाथरूमच्या डिजिटल काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा. हे तीनदा करून मधला आकडा धरा, कारण पिल्लू वळवळलं की अर्धा किलो इकडचा तिकडं होतो. वीस-बावीस किलोनंतर उचलणं जमत नाही. तेव्हा खताच्या किंवा धान्याच्या दुकानातला पोती मोजायचा काटा उत्तम, दुकानदाराला विचारा. सहा महिन्यांनंतर पंधरवड्यातून एकदा पुरे.

सध्या आठवड्याला पाऊण ते एक किलो वाढ अपेक्षित आहे. पाचव्या महिन्याच्या आसपास प्रौढ वजनाच्या निम्मं होतं, मग वेग मंदावतो. वॉल्थम या पाळीव प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे वाढीचे तक्ते इंटरनेटवर मोफत मिळतात, नर-मादीचे वेगळे आणि प्रौढ वजनाप्रमाणे वेगळे. तुमच्यासाठी ३० ते ४० किलोचा. तक्त्यावर वयाप्रमाणे वजनाच्या एकावर एक अशा अनेक रेषा असतात; पिल्लू वरच्या रेषेवर आहे की खालच्या, याला महत्त्व नाही. आपली रेषा धरून चाललंय ना, ते बघा. दोन रेषा ओलांडून वर किंवा खाली गेलं तर कारण शोधायचं.

काट्याइतकाच भरवशाचा तुमचा हात. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यावर फिरवा. मग पिल्लाच्या बरगड्यांवर बोटं फिरवा: बोटांच्या गाठींसारख्या टोकदार लागल्या तर बरगड्या फार उघड्या, पिल्लू बारीक. हात सरळ करून मागच्या बाजूवर बोटं फिरवा: हाडं दिसत नाहीत पण हलक्या स्पर्शाला लगेच लागतात, तसं हवं. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर जाड. वरून बघताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बरगड्या आणि कणा वर आलेला, पण पोट मात्र नगाऱ्यासारखं, असं असेल तर खाणं वाढवू नका; बहुतेक वेळा जंत असतात. शीचा नमुना तपासून घ्या.

जत भागातल्या पश्मी-कारवान या शिकारी कुत्र्यांना ही पट्टी लावू नका. त्या अंगानंच सडपातळ जाती आहेत, निरोगी कुत्र्याच्याही बरगड्या दिसतात.

११ किलोला दिवसाचे साधारण १२५० किलोकॅलरी लागतात. खाद्यात १०० ग्रॅमला ३६० असतील तर ३५० ग्रॅम, तीन वेळांत वाटून. पेल्यानं मोजू नका, किचनच्या काट्यावर मोजा. चार महिन्यांनंतर किलोमागची गरज कमी होते, म्हणून वजन वाढलं की आपोआप माप वाढवायचं नाही. हात लावून बघा, गरज वाटली तर १० टक्क्यांनी कमी-जास्त करा आणि दोन आठवडे थांबा. वरचा खाऊ दिवसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. दूध-चपाती त्यातच धरायची. आणि आपल्याकडं द्राक्षं-बेदाणे घरोघरी पडलेले असतात, ते डब्यात बंद ठेवा. कुत्र्याची किडनी निकामी होते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नसतो.

"वाळलाय" म्हणणाऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या; जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री त्याहून जास्त जगली) १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीही त्यांना उशिरा लागली. कमी खाऊनही ती कुत्री पूर्ण वाढली होती.

रोज एकदा पुढच्या पायांकडं समोरून बघा. मनगट पुढं झुकलेलं, पंजे बाहेर वळलेले किंवा बोटं फाकलेली दिसली, दोन दिवसांपेक्षा जास्त लंगडला, किंवा लागोपाठ दोन रविवार वजन हललंच नाही, तर थांबू नका. चालतानाचा व्हिडिओ आणि वजनाची वही घेऊन पशुवैद्यांकडं जा. सिरप किती दिवस, किती मिली दिलं तेही त्या वहीत आजच लिहून ठेवा.