प्रगतिपुस्तक मागव

प्रिय डॉक्टर,

रील बघून "सर, मला एडीएचडी आहे, गोळी लिहून द्या" म्हणत येणाऱ्यांनी तू वैतागला आहेस, हे तुझ्या पत्रातून दिसलंच. पण त्यांतल्या काहींना हा लक्ष न टिकण्याचा, उतावळेपणाचा विकार खरोखर असतो. तिशी उलटली तरी त्यांनी स्वतःबद्दल आळशी आणि बेजबाबदार याखेरीज काही ऐकलेलं नसतं. त्यामुळे रील हा निदानाचा पुरावा नाही, तसा नकाराचाही नाही.

एएसआरएस या मोठ्यांसाठीच्या चाळणी-प्रश्नावलीचे सहा प्रश्न जरूर भरून घे, पण त्यावर विसंबू नकोस. नैराश्य, चिंता, थायरॉइड, रात्रपाळी, घोरण्यामुळे मोडलेली झोप, गांजा, यांतल्या कशानेही माणूस त्याच रकान्यांत खुणा करतो. एमआरआय किंवा ईईजीवरून निदान होत नाही, तेव्हा रुग्णाचे पैसे तिथे घालवू नकोस.

डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये मोठ्यांसाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी मानली. ती सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. ही कलमं तुला पाठ असतील. मला मोलाची वाटते ती अट म्हणजे काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत. "लक्ष लागत नाही" हे आज कोण म्हणत नाही? तू विचार, कधीपासून?

इथे प्रगतिपुस्तक कामाला येतं. आपल्याकडे आया ते जपून ठेवतात. गुण बघू नकोस, शेरे वाच. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही", "वर्गात फार बोलतो", "वह्या अपूर्ण" हे दुसरीपासून सातवीपर्यंत वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं, तर तासाभराच्या मुलाखतीइतकं काम झालं. आईला "लहानपणी कसा होता?" असं मोघम विचारलंस, तर "चारचौघांसारखाच हो" हेच उत्तर येईल. छत्र्या किती हरवल्या, डबा कितीदा शाळेत राहिला, ते विचार. मग ती हसून सांगेल, "अहो, याचे बाबाही अस्सेच!" ते वाक्य नोंदव. हा विकार घराण्यात चालतो आणि म्हणूनच घरच्यांना त्यात वावगं काही दिसत नाही.

मुलींच्या बाबतीत जास्त जागरूक राहा. वर्गात त्रास न देणाऱ्या, खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात "शांत" एवढाच शेरा असतो. दहावीपर्यंत आई शेजारी बसून अभ्यास घेते, गुणही चांगले पडतात. गाडं अडतं ते हॉस्टेलवर, नाहीतर नोकरी आणि संसार एकदम अंगावर आल्यावर. तुझ्याकडे ती येते तेव्हा नैराश्याची गोळी आधीच चालू असते.

औषधाआधी बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी नैराश्यात नेणारा विकार, आहे का ते नीट तपास. त्याचे झटके येतात-जातात, एडीएचडी मात्र बारमाही असतो. बायपोलर निसटला आणि मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची नेहमीची गोळी सुरू केलीस, तर उन्माद उफाळू शकतो. नाडी, रक्तदाब, वजन लिहून ठेव. कुटुंबात तरुण वयात कुणी अचानक गेलं आहे का, विचार. सुरुवात थोडक्या मात्रेने कर, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा. साध्या गोळीचा असर चारेक तासच राहतो, म्हणून शेवटची गोळी संध्याकाळी नको, झोप उडते. भूक मरते, तर सकाळी आधी पोटभर पोहे खा आणि मग गोळी घे, असं स्पष्ट सांग.

हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतलं. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लाग‌तं, एक प्रत केमिस्ट दोन वर्षं ठेवतो. पुष्कळ दुकानं हे औषध ठेवतच नाहीत. आधी फोन करून कुठे मिळतं ते बघून ठेव. विसराळू माणसाला पाच दुकानं हिंडायला लावलंस, तर तो सहाव्यात जाणार नाही. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध सहज मिळतं, पण गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी बजावलं नाहीस, तर आठवड्यात बंद करून मोकळे होतात.

गोळीने टेबल आवरलं जात नाही. मोबाइलचे गजर, बँकेतून परस्पर जाणारी बिलं, किल्ल्यांना दाराशी एक खुंटी, हे सगळं त्याच्याबरोबर बसून ठरव. बायकोला मात्र मुकादम नेमू नकोस, त्यात संसार नासतो.

पुढच्या भेटीत "बरं वाटतंय का?" विचारू नकोस. या महिन्याचं विजेचं बिल मुदतीत भरलं का, ते विचार.

तुझा,
सर