लहान मुलांमधील मूतखड्याची लक्षणे ओळखताना

आपल्या मुलाच्या पोटदुखीविषयी आपण विचारले आहे, म्हणून माझ्या मुलीच्या आजारपणात शिकलेले सांगतो. मोठ्या माणसांना मूतखड्यामुळे कमरेच्या एका बाजूने निघून जांघेकडे उतरणारी जी तीव्र कळ येते, ती लहान मुलांत तशीच असेल असे मुळीच गृहीत धरू नये. पाच-सहा वर्षांखालील मूल बहुधा केवळ पोट दुखते एवढेच सांगते, बेंबीभोवती हात ठेवते, आणि सोबत उलटी झाली की घरातील सर्वांना ते अपचनच वाटते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर कारण न समजणारे रडणे एवढीच खूण असू शकते.

लघवीकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे. ती गुलाबी, लालसर किंवा चहासारखी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पण रंग स्वच्छ असला तरी रक्त नाहीच असे ठरत नाही, कारण पुष्कळदा ते केवळ तपासणीतच आढळते. लघवीला वारंवार संसर्ग होत असेल, तर सोनोग्राफीविषयी आपण स्वतःहून विचारावे.

ताप, थंडी आणि वेदना एकत्र आल्या, लघवी अगदी कमी झाली किंवा पाणीही पोटात टिकेना, तर रात्र असली तरी थांबू नये. अडलेल्या लघवीत संसर्ग झाल्यास मूत्रपिंडाला व जिवालाही धोका असतो.

खडा पडलाच तर तो जपून ठेवून तपासणीस द्यावा, आणि खड्याच्या भीतीने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलाचे दूध बंद करू नये.